लघुआकार संगणक

लघुआकार संगणक म्हणजे नेहमीच्या टॉवर कॅबिनेटपेक्षा पुष्कळ कमी घनफळाच्या कॅबिनेटमध्ये बसवलेला, सुटे भाग निवडून जोडता येणारा आणि पुढे उघडून दुरुस्त करता येणारा मेजावरचा संगणक होय. इंग्रजीतील ‘स्मॉल फॉर्म फॅक्टर’ या संज्ञेच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘एसएफएफ’ असेही म्हणतात. हौसेने जोडणी करणाऱ्यांमध्ये २० लिटरपेक्षा कमी घनफळाच्या कॅबिनेटला लघुआकार मानण्याचा संकेत आहे. अशा बहुतेक संगणकांचा पाया म्हणजे १७ सेंटिमीटर लांब आणि तितकाच रुंद असलेला मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड.

मोठ्या कॅबिनेटमध्ये बहुतेक भाग एकमेकांचा फारसा विचार न करता निवडता येतात. लघुआकारात तसे होत नाही. कूलरची उंची, ग्राफिक्स कार्डची जाडी, एसएमपीएसचा आकार आणि वायरींचा मार्ग या गोष्टी परस्परांवर अवलंबून असतात. एक भाग बदलला की दुसऱ्याची मर्यादा बदलते. म्हणून या प्रकारात मोजमाप हाच जोडणीचा पहिला टप्पा ठरतो. वाचलेल्या जागेची भरपाई उष्णता, आवाज, किंमत आणि विस्ताराची सोय या चार बाबतींत करावी लागते.

## संज्ञा व मोजमाप

संगणकाच्या बाहेरच्या पेटीला भारतात ‘कॅबिनेट’ म्हणतात. बोलण्यात या संपूर्ण पेटीलाच अनेकदा ‘सीपीयू’ म्हटले जाते. परंतु काटेकोर अर्थाने सीपीयू म्हणजे मदरबोर्डवर बसणारा प्रोसेसर. घरातील विजेचे रूपांतर संगणकाला लागणाऱ्या कमी दाबाच्या विजेत करणाऱ्या भागाला बाजारात ‘एसएमपीएस’ हे नाव रूढ आहे.

लघुआकार कॅबिनेटचा आकार लिटरमध्ये सांगतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करावा व त्याला १००० ने भागावे, की घनफळ लिटरमध्ये मिळते. ४५ सेंमी उंच, २१ सेंमी रुंद आणि ४५ सेंमी खोल असलेल्या सामान्य टॉवरचे घनफळ सुमारे ४२.५ लिटर भरते. ३३ × १५ × २० सेंमी मापाच्या कॅबिनेटचे ९.९ लिटर, म्हणजे त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी.

हा आकडा तुलनेसाठी उपयोगी असला तरी पुरेसा नसतो. काही उत्पादक पाय, मुठी आणि बाहेर आलेले स्क्रू हिशेबात धरतात, काही धरत नाहीत. शिवाय घनफळ सारखे असलेल्या दोन कॅबिनेटपैकी एकात लांब ग्राफिक्स कार्ड मावते पण उंच कूलर मावत नाही, तर दुसऱ्यात नेमके उलट असते. त्यामुळे निवड करताना घनफळापेक्षा प्रत्येक भागासाठी दिलेली कमाल मापे अधिक महत्त्वाची असतात.

## इतिहास

इंटेल कंपनीने १९९५ मध्ये एटीएक्स हे मदरबोर्डचे प्रमाण जाहीर केले. त्याची मापे ३०५ × २४४ मिलिमीटर होती. १९९७ मध्ये मायक्रो-एटीएक्स हे लहान प्रमाण आले. या प्रमाणांमुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे मदरबोर्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएस एकमेकांना जुळू लागले आणि सुटे भाग आणून संगणक जोडणे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले.

ॲपल कंपनीने २००० मध्ये ‘पॉवर मॅक जी४ क्यूब’ हा घनाकृती संगणक बाजारात आणला. त्याला थंड करण्यासाठी पंखा नव्हता. तापलेली हवा वरच्या झरोक्यातून नैसर्गिकरीत्या बाहेर पडावी अशी त्याची रचना होती. देखण्या रूपाबद्दल त्याची वाखाणणी झाली, परंतु खप अपेक्षेइतका झाला नाही आणि २००१ मध्ये त्याचे उत्पादन थांबवण्यात आले.

२००१ हे वर्ष आणखी दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. तैवानमधील शटल कंपनीने त्या वर्षी ‘एसव्ही२४’ हा ॲल्युमिनियमच्या लहान पेटीतील अर्धजोडणीचा संगणक आणला. त्यात मदरबोर्ड व एसएमपीएस बसवलेले असत. प्रोसेसर, रॅम आणि हार्ड डिस्क ग्राहक स्वतः बसवत असे. त्याच वर्षी तैवानमधीलच व्हीआयए टेक्नॉलॉजीज या कंपनीने मिनी-आयटीएक्स हे प्रमाण मांडले. या प्रमाणाच्या सुरुवातीच्या ‘एपिया’ मदरबोर्डांवर कमी वीज खाणारा प्रोसेसर कायमचा डाखलेला असे. त्यांचा वेग बेताचा होता, पण उष्णता थोडी असल्यामुळे हौशी लोकांनी हे बोर्ड जुन्या रेडिओंच्या व खेळण्यांच्या पेट्यांतही बसवले.

२००५ मध्ये ॲपलचा ‘मॅक मिनी’ आला. सुमारे १६.५ सेंमी चौरस व ५ सेंमी उंचीच्या त्याच्या पेटीचे घनफळ जेमतेम १.४ लिटर होते. २००८ मध्ये इंटेलने ॲटम प्रोसेसर असलेला मिनी-आयटीएक्स बोर्ड आणला. त्यानंतरच्या काळात मोठ्या संगणकात चालणारे प्रोसेसर आणि पूर्ण क्षमतेची ग्राफिक्स कार्डे स्वीकारणारे मिनी-आयटीएक्स बोर्ड मिळू लागले, आणि लहान संगणक म्हणजे मंद संगणक हे समीकरण मोडले.

पुढचे पाऊल मोठ्या कंपन्यांऐवजी हौशी रचनाकारांनी टाकले. १२.६ लिटरचे ‘एनकेस एम१’ हे कॅबिनेट २०१३ मध्ये इंटरनेटवरील लोकवर्गणीतून प्रत्यक्षात आले. पाठोपाठ जर्मनीतील ‘डॅन केसेस’चे ७.२ लिटरचे ‘ए४-एसएफएक्स’ हे कॅबिनेटही त्याच मार्गाने तयार झाले. त्यात पूर्ण लांबीचे ग्राफिक्स कार्ड मावत असे. मागणी सिद्ध झाल्यावर प्रस्थापित उत्पादक या क्षेत्राकडे वळले. कूलर मास्टर कंपनीने २०२० मध्ये आणलेले सुमारे १८ लिटरचे ‘एनआर२००’ हे कॅबिनेट तुलनेने स्वस्त असल्याने विशेष लोकप्रिय झाले.

## मदरबोर्डांची प्रमाण मापे

| प्रमाण | मापे (मिमी) | क्षेत्रफळ (चौ. सेंमी) |
|---|---|---|
| एटीएक्स | ३०५ × २४४ | ७४४ |
| मायक्रो-एटीएक्स | २४४ × २४४ | ५९५ |
| मिनी-आयटीएक्स | १७० × १७० | २८९ |
| मिनी-एसटीएक्स | १४७ × १४० | २०६ |
| नॅनो-आयटीएक्स | १२० × १२० | १४४ |
| पिको-आयटीएक्स | १०० × ७२ | ७२ |

मिनी-आयटीएक्स बोर्डचे क्षेत्रफळ एटीएक्सच्या सुमारे ३९ टक्के असते. त्याची चार स्क्रूछिद्रे एटीएक्सच्या छिद्रांशी जुळतात, म्हणून हा बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्येही बसवता येतो. मोठा बोर्ड मात्र लहान कॅबिनेटमध्ये बसत नाही. सामान्यतः मिनी-आयटीएक्स बोर्डवर रॅमच्या दोन खाचा आणि विस्तारासाठी पीसीआय एक्स्प्रेसची एकच लांब खाच असते. ती ग्राफिक्स कार्डने व्यापली की दुसरे कोणतेही कार्ड बसवता येत नाही. वाय-फाय बहुधा बोर्डवरच दिलेले असते. सारख्याच सोयी कमी जागेत सामावण्यासाठी अधिक थरांचा फलक वापरावा लागतो, त्यामुळे हे बोर्ड बहुधा त्याच दर्जाच्या मायक्रो-एटीएक्स बोर्डांपेक्षा महाग असतात.

मिनी-एसटीएक्स, नॅनो-आयटीएक्स आणि पिको-आयटीएक्स ही प्रमाणे प्रामुख्याने तयार वा औद्योगिक यंत्रांत आढळतात.

## कॅबिनेटची अंतर्गत मांडणी

पारंपरिक मांडणी. ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डच्या खाचेत थेट काटकोनात बसते. जोडणी सोपी असते व उंच कूलरला जागा मिळते. मात्र कॅबिनेटची रुंदी वाढते. १२ ते २० लिटरच्या अनेक कॅबिनेटमध्ये ही मांडणी दिसते.

सँडविच मांडणी. मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड मधल्या पत्र्याच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून बसवतात. दोहोंना जोडण्यासाठी ‘रायझर’ नावाची चपटी पट्टीसारखी वायर लागते. ७ ते ११ लिटरच्या कॅबिनेटमध्ये ही पद्धत प्रचलित आहे. दोन्ही भागांना बाजूच्या जाळीतून थेट ताजी हवा मिळते, हा तिचा मोठा गुण. प्रोसेसरच्या कूलरला मिळणारी उंची मात्र फार थोडी असते. ‘ए४-एसएफएक्स’मध्ये ती ४८ मिमी होती.

सपाट मांडणी. बोर्ड व कार्ड शेजारी शेजारी ठेवल्याने पेटी खेळांच्या कन्सोलसारखी चपटी व लांबट होते. दूरदर्शन संचाखाली ठेवण्यास ती सोयीची असते.

कार्डविरहित मांडणी. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड वगळले की पेटी २ ते ५ लिटरपर्यंत खाली आणता येते. कार्यालयीन काम, शिक्षण, लेखन, चित्रपट पाहणे आणि घरातील फाइल सर्व्हर यांसाठी ही रचना पुरेशी ठरते.

## सुट्या भागांची निवड

### प्रोसेसर व कूलर

प्रोसेसर निवडताना त्याच्या वेगाइतकाच त्याचा वीजवापर महत्त्वाचा असतो. ६५ वॅट असे लिहिलेला प्रोसेसर प्रत्यक्षात त्याहून अधिक वीज घेऊ शकतो. एएमडीच्या एएम४ व एएम५ सॉकेटवरील ६५ वॅट वर्गातील प्रोसेसरची प्रत्यक्ष मर्यादा सामान्यतः ८८ वॅट असते. बहुतेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये ही मर्यादा खाली आणण्याची सोय असते. ती थोडी कमी केल्यास वेगात अल्प घट होते, पण उष्णता लक्षणीय उतरते. लहान पेटीत हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

ज्यांत ग्राफिक्सची सोय अंतर्भूत आहे असे प्रोसेसर कार्डविरहित मांडणीसाठी निवडतात. एएमडीचे ‘रायझन ५ ५६००जी’ आणि ‘रायझन ७ ८७००जी’ ही त्याची उदाहरणे होत. दोन्ही ६५ वॅट वर्गातील आहेत.

कूलरची उंची मदरबोर्डच्या पृष्ठभागापासून मोजत नाहीत. ती प्रोसेसरच्या वरच्या धातूच्या पृष्ठभागापासून पंख्याच्या माथ्यापर्यंत मोजतात. ऑस्ट्रियातील नॉक्टुआ कंपनीच्या ‘एनएच-एल९’ मालिकेतील प्रचलित कूलरांची पंख्यासह उंची ३७ मिमी आहे. इतका बुटका कूलर ६५ वॅटच्या प्रोसेसरला साधारणपणे सांभाळतो. त्याहून तापट प्रोसेसरसाठी अधिक उंचीचा कूलर किंवा द्रवशीतन लागते. द्रवशीतनात पंप हा संपूर्ण वलयातील सर्वांत उंच भाग ठरू नये याची काळजी घ्यावी लागते, कारण नळ्यांतील हवा वर जाऊन पंपात साचते.

### ग्राफिक्स कार्ड

ग्राफिक्स कार्डची लांबी, उंची आणि जाडी अशी तिन्ही मापे तपासावी लागतात. जाडी मिलिमीटरऐवजी ‘स्लॉट’मध्ये सांगण्याची प्रथा आहे, एक स्लॉट म्हणजे सुमारे २० मिमी. उंची तपासताना वरच्या कडेला लागणारी वीजवायर आणि तिला वळण्यासाठी लागणारी जागाही धरावी लागते. २०२४ मध्ये एनव्हिडिया कंपनीने लघुआकार कॅबिनेटसाठी मार्गदर्शक मापे जाहीर केली: लांबी कमाल ३०४ मिमी, वायरीच्या वळणासह उंची कमाल १५१ मिमी आणि जाडी कमाल ५० मिमी. त्यामुळे कार्ड आणि कॅबिनेट एकमेकांस जुळते की नाही हे ताडणे सोपे झाले.

### एसएमपीएस

नेहमीच्या एटीएक्स एसएमपीएसची मापे सामान्यतः १५० × १४० × ८६ मिमी असतात. त्याचे घनफळच १.८ लिटर होते. लघुआकारासाठी १२५ × १०० × ६३.५ मिमी मापाचा एसएफएक्स प्रकार वापरतात. त्याचे घनफळ सुमारे ०.८ लिटर असते. त्याहून सडपातळ अशा फ्लेक्स-एटीएक्सचे घनफळ सुमारे अर्धा लिटर असते, पण त्याचा ४० मिमीचा पंखा वेगाने फिरत असल्याने आवाज जाणवतो.

सर्वांत लहान संगणकांत एसएमपीएस पेटीत नसतोच. लॅपटॉपसारखा अडॅप्टर बाहेर राहतो आणि आत केवळ लहानसा रूपांतरक बसवलेला असतो. पेटीचे घनफळ सांगताना हा अडॅप्टर धरला जात नाही, हे तुलना करताना लक्षात घ्यावे लागते.

### रॅम व साठवण

रॅमवर शोभेसाठी लावलेली उंच धातूची कवचे बुटक्या कूलरला अडतात, म्हणून कमी उंचीची रॅम घेतात. साठवणुकीसाठी २२ × ८० मिमी मापाची एम.२ प्रकारची एसएसडी सोयीची असते, कारण तिला वेगळी वायर लागत नाही. अनेक मिनी-आयटीएक्स बोर्डांवर एम.२ ची दुसरी खाच पाठीमागच्या बाजूला असते. तिथली एसएसडी नंतर बदलायची झाल्यास बहुधा संपूर्ण बोर्ड बाहेर काढावा लागतो.

## उष्णतेचे गणित

संगणक घेत असलेली जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णतेत रूपांतरित होते. २५० वॅट वीज घेणारा संगणक म्हणजे २५० वॅटची शेगडीच होय, मग तो ४० लिटरच्या पेटीत असो वा १० लिटरच्या.

ही उष्णता वाहत्या हवेबरोबर बाहेर न्यावी लागते. एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम असते आणि एक किलोग्रॅम हवेचे तापमान एका अंशाने वाढण्यास सुमारे १००५ ज्यूल उष्णता लागते. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेच्या तापमानात १० अंशांचाच फरक ठेवायचा असेल, तर २५० वॅट उष्णतेसाठी सेकंदाला सुमारे २१ लिटर हवा पेटीतून वाहावी लागते. १० लिटरच्या पेटीत याचा अर्थ असा, की तिच्या घनफळाइतकी हवा दर सेकंदाला दोनदा बदलली पाहिजे. ४० लिटरच्या टॉवरमध्ये तीच हवा दोन सेकंदांतून एकदा बदलली तरी चालते.

लहान पेटीत हवेच्या वाटा अरुंद व पंखे लहान असतात. तेवढीच हवा ढकलण्यासाठी लहान पंख्याला अधिक वेगाने फिरावे लागते आणि आवाज वाढतो. म्हणून लघुआकार रचनेत पुढील तत्त्वे पाळतात:

* बाजूचे पत्रे भरीव असण्याऐवजी जाळीदार असावेत.
* कूलर व ग्राफिक्स कार्ड यांचे पंखे शक्यतो जाळीला लागून असावेत, म्हणजे ते आतली तापलेली हवा पुन्हा ओढून घेत नाहीत.
* थंड हवा येण्याची आणि गरम हवा जाण्याची वाट वेगळी असावी.
* बाहेर पडणारी गरम हवा भिंतीवर आदळून परत येऊ नये, इतके अंतर सोडावे.
* वायरींचे गुंते हवेच्या वाटेत राहू नयेत.

खोलीचे तापमान जितके वाढते, साधारण तितकेच आतल्या भागांचेही वाढते. २५ अंशांच्या खोलीत ७५ अंशांवर चालणारा प्रोसेसर ४० अंशांच्या खोलीत ९० अंशांच्या आसपास पोहोचतो. आधुनिक प्रोसेसर सुमारे ९० ते १०० अंश सेल्सियसला स्वतःचा वेग आपोआप उतरवतात. त्यामुळे यंत्र जळत नाही, पण ज्या वेगासाठी पैसे मोजले तो मिळत नाही.

## दोन नमुने

कार्डविरहित, सुमारे ४ लिटर. अंतर्भूत ग्राफिक्स असलेला ६५ वॅट वर्गातील प्रोसेसर कमाल ८८ वॅट घेतो. बोर्ड, रॅम, एसएसडी व पंखे यांना मिळून ४० वॅट धरले, तर एकूण १२८ वॅट होतात. २०० वॅटचा अडॅप्टर वा फ्लेक्स-एटीएक्स एसएमपीएस त्यास पुरतो.

ग्राफिक्स कार्डसह, सुमारे १० लिटर. वरील संचात ११५ वॅटचे ‘जीफोर्स आरटीएक्स ४०६०’ कार्ड जोडल्यास बेरीज २४३ वॅट होते. कार्डांचा वीजवापर क्षणभर उसळत असल्याने थोडी अधिक क्षमता ठेवतात. येथे ४५० वॅटचा एसएफएक्स एसएमपीएस योग्य ठरतो.

याउलट ‘आरटीएक्स ४०९०’सारखे एकटे ४५० वॅट घेणारे कार्ड लघुआकार कॅबिनेटमध्ये मापाने बसले, तरी त्याची उष्णता बाहेर काढणे हे स्वतंत्र आव्हान ठरते.

## जोडणीचा क्रम

टॉवरमध्ये भाग कोणत्याही क्रमाने बसवले तरी बहुधा निभावते. लघुआकारात क्रम चुकला तर आधी बसवलेले भाग पुन्हा उतरवावे लागतात. प्रचलित क्रम असा आहे:

१. कॅबिनेटच्या माहितीपत्रकातील कमाल मापांशी प्रत्येक भागाचे माप खरेदीपूर्वी ताडून पाहणे.

२. मदरबोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, रॅम व एसएसडी बसवणे. बोर्डच्या पाठीमागची एसएसडी आणि कूलरची मागची पट्टी याच वेळी लावतात.

३. कूलर बसवून कॅबिनेटबाहेरच संगणक सुरू करून पाहणे. पडद्यावर बायोस दिसले, रॅम व एसएसडी ओळखली गेली, की भाग निर्दोष असल्याची खात्री होते. ही चाचणी टाळली आणि दोष नंतर लक्षात आला, तर संपूर्ण जोडणी उसवावी लागते.

४. एसएमपीएस बसवून त्याच्या वायरींचे मार्ग ठरवणे. प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची वायर बोर्डच्या कोपऱ्यात लागते. बोर्ड आत गेल्यावर तिथे बोट पोहोचत नाही, म्हणून ती आधीच ओवून ठेवतात.

५. मदरबोर्ड चार स्क्रूंनी पक्का करणे. त्याखालचे धातूचे उंचवटे नेमक्या छिद्रांखालीच आहेत ना, हे पाहावे लागते. चुकीच्या जागी राहिलेला उंचवटा बोर्डच्या मागील बाजूस शॉर्ट सर्किट घडवू शकतो.

६. पॉवर बटण, यूएसबी आणि पंख्यांच्या बारीक वायरी लावणे.

७. रायझर व शेवटी ग्राफिक्स कार्ड बसवणे.

८. झाकण लावून तासभर भाराची चाचणी घेणे आणि तापमान नोंदवणे. झाकण उघडे ठेवून घेतलेल्या तापमानावर विसंबता येत नाही.

रायझरबाबत एक अडचण वारंवार आढळते. रायझर पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीचा आणि कार्ड चौथ्या पिढीचे असेल, तर पडदा काळा राहतो किंवा संगणक मध्येच बंद पडतो. अशा वेळी बायोसमध्ये खाचेचा वेग ‘जेन ३’ असा निश्चित केल्यास दोष नाहीसा होतो. कार्ड सदोष समजून परत करण्याची गरज नसते.

## सुरक्षितता

एसएमपीएस कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार काही काळ साठून राहतो.

ज्या एसएमपीएसच्या वायरी दोन्ही बाजूंनी सुट्या होतात, त्यांच्या वायरी दुसऱ्या एसएमपीएसला लावू नयेत. भागाकडचे टोक सर्वत्र सारखे असते, परंतु एसएमपीएसकडच्या टोकातील पिनांचा क्रम कंपनीगणिक, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही, वेगळा असतो. वायर सहज बसते आणि सुरू करताच एसएसडी किंवा मदरबोर्ड जळतो. लघुआकारात आखूड वायरी वेगळ्या मागवण्याची पद्धत असल्याने हा धोका अधिक संभवतो.

अलीकडच्या ग्राफिक्स कार्डांच्या सोळा पिनांच्या वीजजोडात वायर कनेक्टरला लागूनच वाकवणे टाळतात. पहिले सुमारे ३५ मिमी अंतर ती सरळ ठेवावी, अशी शिफारस केली जाते. अर्धवट बसलेला कनेक्टर तापून वितळल्याची उदाहरणे आहेत.

धातूची पेटी आणि विजेचे मार्ग जितके जवळ येतात, तितकी रचनेतील लहान चूक महागात पडते. २०२१ मध्ये एनझेडएक्सटी कंपनीने आपले ‘एच१’ हे उभे लघुआकार कॅबिनेट अमेरिकेत परत मागवले. रायझरचा फलक पेटीला जोडणाऱ्या धातूच्या स्क्रूंमुळे फलकात शॉर्ट सर्किट होऊन आग लागण्याचा धोका त्यात आढळला होता. रायझर व त्याचे स्क्रू ही लघुआकारात काळजीपूर्वक तपासण्याची जागा आहे, हे या प्रकरणाने अधोरेखित केले.

## भारतातील परिस्थिती

भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ अशी असते. एसएमपीएसमधील गाळणीच्या कपॅसिटरांतून अत्यल्प प्रवाह पेटीच्या धातूकडे येतो आणि अर्थिंगवाटे जमिनीत जातो. घरातील अर्थिंग नसेल वा तुटलेले असेल, तर ॲल्युमिनियमच्या पेटीला हात लावताच झिणझिण्या येतात. पुष्कळदा हा दोष संगणकाचा समजला जातो. वास्तविक ती सदोष अर्थिंगची खूण असते. प्लगची तिसरी पिन काढून टाकणे किंवा दोन पिनांचा जोड वापरणे हा त्यावरील उपाय नव्हे. वायरमनकडून अर्थिंग तपासून घेणे आवश्यक असते. काही इन्व्हर्टर व यूपीएस चौकोनी लहरींचा पुरवठा करतात. त्यावर आधुनिक एसएमपीएस कधी कधी अडखळतात, म्हणून शुद्ध साइन लहरी देणारा यूपीएस निवडतात.

नागपूर, चंद्रपूर आदी विदर्भातील शहरांत उन्हाळ्यात बाहेरचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते. वातानुकूलन नसलेल्या खोलीत लघुआकार संगणक वापरायचा असेल, तर सौम्य हवामान गृहीत धरून केलेल्या चाचण्यांतील तापमानाचे आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. अशा ठिकाणी एक पायरी कमी वीजवापराचा प्रोसेसर घेणे किंवा वीजमर्यादा उन्हाळ्यापुरती उतरवणे श्रेयस्कर ठरते. खोली थंड करणाऱ्या पाण्याच्या कूलरचा दमट झोत थेट संगणकावर येऊ देऊ नये. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर खारट दमट हवेमुळे धातूचे जोड गंजू शकतात; जाळीदार पेट्यांत धूळही लवकर साचते. हवा आत येण्याच्या बाजूस धुण्याजोगी गाळणी बसवून ती वेळोवेळी साफ करणे उपयुक्त ठरते.

मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, दिल्लीतील नेहरू प्लेस आणि बंगळूरमधील एस. पी. रोड या संगणकाच्या सुट्या भागांच्या प्रसिद्ध बाजारपेठा आहेत. तथापि मिनी-आयटीएक्स बोर्ड, एसएफएक्स एसएमपीएस आणि रायझर यांची निवड एटीएक्स भागांच्या मानाने मर्यादित असते. सर्व भाग उपलब्ध असल्याची खात्री होईपर्यंत कॅबिनेट घेऊ नये, असा संकेत म्हणूनच पाळला जातो.

## तयार लहान संगणकांशी तुलना

डेल, एचपी आणि लेनोव्हो या कंपन्या कार्यालयांसाठी सुमारे एक लिटर घनफळाचे संगणक विकतात. इंटेलने ‘नक’ नावाने सुमारे १० सेंमी चौरस बोर्डावर आधारलेले लहान संगणक आणले होते. २०२३ मध्ये त्या व्यवसायातून ती बाहेर पडली आणि ती मालिका असूस कंपनीकडे गेली. २०२४ चा मॅक मिनी १२.७ सेंमी चौरस व ५ सेंमी उंच, म्हणजे केवळ ०.८ लिटरचा आहे. घनफळाच्या कसोटीवर स्वतः जोडलेला कोणताही मिनी-आयटीएक्स संगणक या यंत्रांशी स्पर्धा करू शकत नाही. किंमत आणि वीजबचत यांतही ती अनेकदा सरस ठरतात.

फरक दुरुस्तीत आहे. एक लिटरच्या यंत्रांत रॅम व एसएसडी बदलता येत असली, तरी मदरबोर्ड त्या त्या कंपनीच्या खास मापाचा असतो. हमीचा काळ संपल्यावर तो बिघडला तर त्याच कंपनीचा बोर्ड शोधावा लागतो. मॅक मिनीसारख्या काही यंत्रांत रॅमही मुख्य चिपशी एकत्र बसवलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही. मिनी-आयटीएक्स हे खुले प्रमाण असल्यामुळे एका कंपनीचा बोर्ड बिघडला, की दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा बोर्ड त्याच चार छिद्रांवर बसतो. कॅबिनेट, एसएमपीएस व एसएसडी तेच राहतात आणि भंगारात जाणारा ई-कचरा एका फलकापुरता मर्यादित राहतो.

## मर्यादा

लघुआकार संगणकात भविष्यातील विस्ताराला वाव थोडा असतो. मोठ्या हार्ड डिस्क, एकाहून अधिक विस्तार कार्डे किंवा पुढच्या पिढीचे जाड ग्राफिक्स कार्ड त्यात मावेलच असे नाही. समान क्षमतेच्या टॉवरपेक्षा खर्च सहसा अधिक येतो आणि देखभालीस वेळ लागतो. ज्यांच्याकडे मेजाखाली जागा आहे व यंत्र हलवायचे नाही, त्यांना मायक्रो-एटीएक्स कॅबिनेट स्वस्त, थंड आणि शांत पडते. वसतिगृहातील खोली, लहान घर, प्रयोगशाळेतील गर्दीचे मेज किंवा प्रवासात सोबत न्यावयाचे यंत्र अशा ठिकाणी मात्र लघुआकाराचा अतिरिक्त खर्च सार्थ ठरतो.